भाकरीचा हिशेब आणि राज्याची सीमा : सावरगाव परिसरातील मजूर कुटुंबांचा निर्वाहखर्च

उर्दूत ‘आटे-दाल का भाव मालूम होना’ असा वाक्प्रचार आहे. संसाराची झळ अंगाला लागली की तो हमखास वापरला जातो. मराठीत त्याच अर्थाने तेल-मिठाची, मीठ-भाकरीची भाषा येते. आग्र्याचे शायर नझीर अकबराबादी (मृत्यू १८३०) यांनी ‘रोटियाँ’ आणि ‘मुफ़लिसी’ या विषयांवर नज्मा लिहिल्या, तेव्हा उर्दू काव्याच्या दरबारी दालनात पिठाच्या भावाला फारशी जागा नव्हती. कवीच्या नजरेला जे दिसले ते सरकारी दफ्तरात यायला आणखी सुमारे शंभर वर्षे लागली. मजुराच्या चुलीवर काय शिजते, त्याला महिन्याकाठी किती रुपये पडतात आणि त्याच्या मिळकतीतून ते भागते का, हे घरोघर जाऊन मोजण्याचे काम पहिल्या महायुद्धानंतर सुरू झाले. मुंबई, नागपूर, जबलपूर या शहरांपासून निघालेली ही मोजणी मध्य प्रदेशच्या मराठी टोकावरील सावरगावपर्यंत केव्हा आणि कोणत्या रूपात पोहोचली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सावरगावचे नाव वृत्तपत्रांत वर्षातून एकदा येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर सावरगावकर, दुसऱ्या काठावर पांढुर्णेकर आणि मध्ये रोवलेले पळसाचे झाड, अशी ती गोटमार. त्या दिवसाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे आणि येथे त्याची पुनरुक्ती करण्याचे कारण नाही. उरलेल्या दिवसांत हा परिसर कापूस, संत्री, ज्वारी आणि मजुरीचा आहे. सातपुड्याच्या घाटाखालची ही काळी जमीन भूगोलाने नागपूर-वरुडच्या पट्ट्यातली. भाषा वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी. नागपूर-भोपाळ हमरस्ता आणि नागपूर-इटारसी लोहमार्ग दोन्ही पांढुर्ण्यावरून जातात. दीर्घकाळ छिंदवाडा जिल्ह्यात असलेले पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला.

या भागातील मजुरीची जुनी रीत धान्याची होती. सालदाराला वर्षाचा करार, ठरलेली ज्वारी, वर एखादे लुगडे-धोतर आणि सणाची बोजवार. रोजंदाराला दिवसाच्या कामाबद्दल मापाने मोजलेली ज्वारी. या रीतीत शोषण नव्हते असे कोणी म्हणणार नाही. सालदार उचल घेऊन बांधला जाई आणि माप मालकाच्या हातात असे. तथापि एक गोष्ट मान्य करावी लागते. ज्वारीचा भाव चढला तरी मापाने मिळणारी ज्वारी तेवढीच राही, त्यामुळे महागाईची पहिली धग मजुराच्या ताटाला लागत नसे. कापसाचे पीक वाढले, वेचणीची मजुरी वजनावर रोख मिळू लागली, आणि विसाव्या शतकात हळूहळू बहुतेक मजुरी पैशात आली. पैसा हातात आला हे खरे, पण भाववाढीची जोखीम आता मजुराच्या शिरावर गेली. तेव्हापासून ‘मजुरी किती?’ या प्रश्नाला ‘आणि ज्वारी काय भाव?’ ही शेपटी कायमची जोडली गेली.

शहरातल्या कामगाराने हाच प्रश्न संपाच्या रूपाने विचारला. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी केलेल्या मोठ्या संपामागे धान्याच्या भडकलेल्या किमती होत्या, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा संप झाला. १९२० मध्ये मुंबईतील कामगाराचा निर्वाहखर्च युद्धापूर्वीच्या, म्हणजे जुलै १९१४ च्या, पावणेदोन पटीच्या वर गेला होता. या पार्श्वभूमीवर १९२१ मध्ये मुंबई सरकारने कामगार कार्यालय स्थापन केले. त्याचे संचालक जी. फिंडले शिरास यांनी २,४७३ कुटुंबांचे आणि ६०३ एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे जमाखर्च गोळा केले आणि अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कुटुंबाच्या खर्चापैकी ५६.८ टक्के अन्नावर, ७.४ टक्के जळण व दिवाबत्तीवर, ९.६ टक्के कपड्यांवर, ७.७ टक्के घरभाड्यावर आणि उरलेले १८.५ टक्के किरकोळ बाबींवर जात होते. ९७ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत होती. ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती आणि प्रचलित व्याज रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के होते.

या अहवालातील सर्वांत बोलके वाक्य मात्र आहाराविषयी होते. मुंबईचा कामगार दुष्काळ संहितेने कामावरच्या मजुराला मंजूर केलेल्या कमाल धान्याइतके धान्य खातो, पण मुंबई तुरुंगांच्या नियमपुस्तकात कैद्याला नेमून दिलेल्या आहारापेक्षा ते कमी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. हे निरीक्षण एखाद्या कामगार पुढाऱ्याचे असते तर अतिशयोक्ती म्हणून बाजूला टाकता आले असते. ते सरकारी संख्याशास्त्रज्ञाचे होते, म्हणून पुढची अनेक वर्षे ते विधिमंडळात आणि सभांत उद्धृत होत राहिले.

मुंबईनंतर हे लोण मध्य प्रांतात आले. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ पासून चालू होती. कोष्टी, महार, मुसलमान विणकर अशा अनेक समाजांचे लोक तिथे तास भरत. मध्य प्रांत सरकारने नागपूर व जबलपूर या दोन शहरांसाठी कामगारांच्या निर्वाहखर्चाचे निर्देशांक तयार केले आणि दोन्हींचे पायावर्ष जानेवारी १९२७ बरोबर १०० असे धरले. दुसऱ्या महायुद्धात धान्य कडाडले तेव्हा नागपूरच्या गिरण्यांतील महागाई भत्ता याच आकड्याशी बांधला गेला. भाव वाढले की भत्ता वाढतो, ही सोय त्यामुळे गिरणी कामगाराला मिळाली. धान्याच्या मापाने खेड्यात जे आपोआप होत असे, तेच आता कागदावरच्या आकड्याने शहरात होऊ लागले. खेड्यातून ते माप नाहीसे होत होते, तेव्हाच शहरात हा आकडा रुजत होता.

गिरणीच्या फाटकाबाहेर त्याचा उपयोग नव्हता. नागपूरलगतच्या कामठीत मोमीन विणकर आपापल्या घरी हातमागावर लुगडी विणत. बिडी वळणारे शेकडो हात होते, त्यांत बायकांचे मोठ्या संख्येने. कामठीचे बाबू हरदास लक्ष्मण नगराळे (१९०४-१९३९), जे ‘जय भीम’ या अभिवादनामुळे सर्वांना माहीत आहेत, त्यांनी तिसाव्या दशकात बिडी मजुरांची संघटना बांधली ती याच कारणाने. हजारावर ठरणारी मजुरी, खराब म्हणून बाजूला काढल्या जाणाऱ्या बिड्या, आणि पानाच्या टंचाईचा भुर्दंड, हे सारे मजुराच्या माथी पडे. आजही औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक ज्या सात क्षेत्रांतील कामगारांवरून काढला जातो ती अशी : कारखाने, खाणी, मळे, रेल्वे, मोटार वाहतूक, वीजनिर्मिती व वितरण आणि बंदरे. घरात चालणारा हातमाग त्यात नाही, आणि शेतही नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या मध्य प्रदेशातील विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा एकंदरीने हिंदी-गोंडीभाषक म्हणून मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी पट्टाही. भाषेच्या दृष्टीने यावर बरीच चर्चा झाली आहे. मराठी शाळा, मराठी पाठ्यपुस्तके, शिक्षकांच्या नेमणुका हे प्रश्न वारंवार मांडले गेले. मजुरीच्या दृष्टीने मात्र या घटनेकडे क्वचितच पाहिले गेले. एका प्रांताच्या दफ्तरात जन्मलेले नागपूर आणि जबलपूरचे निर्देशांक त्या दिवशी दोन राज्यांत वाटले गेले. पांढुर्ण्याच्या व्यापाऱ्याचा माल पूर्वीप्रमाणे नागपूरहून येत राहिला, संत्र्याची गाडी नागपूर-वरुडकडे जात राहिली, पण मजुरीचा सरकारी दर भोपाळहून येऊ लागला.

शेतमजुरांच्या घरखर्चाची देशव्यापी मोजणी स्वातंत्र्यानंतर झाली. १९५०-५१ च्या पहिल्या शेतमजूर चौकशीत कुटुंबाचे सरासरी वार्षिक उत्पन्न ४४७ रुपये निघाले. १९५६-५७ च्या दुसऱ्या चौकशीत ते ४३७ रुपये होते. कर्जबाजारी कुटुंबांचे प्रमाण याच काळात ४५ टक्क्यांवरून ६४ टक्क्यांवर गेले. पहिल्या चौकशीनुसार एकूण खर्चातील सुमारे ८५ टक्के भाग अन्नाचा होता. मुंबईच्या गिरणी कामगाराचा १९२१-२२ मधील ५६.८ टक्के हा आकडा याच्या शेजारी ठेवून पाहावा. शंभरातले पंच्याऐंशी पोटात गेल्यावर जळण, कपडा, औषध, लग्न आणि मयत या सगळ्यांसाठी पंधरा उरतात. कर्ज कशासाठी होते, याचे उत्तर या पंधरात आहे.

दुसऱ्या चौकशीतून शेतमजुरांचा ग्राहक किंमत निर्देशांक तयार झाला, पायावर्ष १९६०-६१. निर्देशांक म्हणजे एक यादी असते. कुटुंब कोणत्या वस्तू घेते आणि प्रत्येकीवर शंभरातले किती खर्च करते हे एकदा ठरवले जाते, मग दर महिन्याला फक्त भाव बदलून बेरीज केली जाते. यादी जुनी झाली की बेरीज अचूक असूनही उत्तर चुकते. कारखान्यातील कामगाराची यादी १९५८-५९, १९८१-८२, १९९९-२००० आणि २०१६-१७ या सर्वेक्षणांनी चारदा नवी झाली. शेतमजुराची १९५६-५७ ची यादी नोव्हेंबर १९९५ पर्यंत चालली. त्यानंतर १९८६-८७ हे पायावर्ष आले, पण त्यामागचा खर्चाचा नमुना १९८३ चा होता, आणि तोच २०२५ पर्यंत वापरला गेला. तीत अन्नाचा भार सुमारे ६९ टक्के होता. २०२२-२३ च्या राष्ट्रीय उपभोग सर्वेक्षणात ग्रामीण भारताच्या खर्चात अन्नाचा वाटा ४६ टक्क्यांच्या आसपास आढळला. ही सरासरी सर्व ग्रामीण कुटुंबांची आहे आणि शेतमजुराच्या घरी तो वाटा अधिक असणार, हे लक्षात घेतले तरी अंतर मोठे राहते.

या अंतराचा अर्थ सावरगावसारख्या ठिकाणी काय होतो? १९८३ च्या घरात मोबाइलचे रिचार्ज नव्हते, खाजगी शिकवणी नव्हती, पोराला तालुक्याच्या महाविद्यालयात पोहोचवणारी मोटारसायकल नव्हती. दवाखाना होता, पण खाजगी दवाखान्याचे बिल एवढे नव्हते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला, आणि जानेवारी २०२३ पासून त्याखालील गहू-तांदूळ मोफत मिळू लागला. धान्याचा खर्च उतरला, हे निर्विवाद. ज्वारीची भाकर खाणाऱ्या घरात गव्हाची पोळी आणि भात अधिक शिजू लागला, ही त्याची दुसरी बाजू. मात्र वाढत्या खर्चाच्या बाबी आता डाळ, तेल, औषध, शिक्षण, प्रवास आणि हप्ते या आहेत. अन्नाला ६९ टक्के भार देणारी यादी धान्य स्वस्त झाले की ‘महागाई मंदावली’ असे सांगते, त्याच महिन्यात घरातल्या बाईने बचत गटातून घेतलेल्या कर्जाचा हप्ता थकलेला असू शकतो. कर्जाचा हप्ता तर कोणत्याच निर्देशांकात वस्तू म्हणून येत नाही. शिरास यांनी १९२१-२२ मध्ये कर्जाची नोंद घेतली होती, पण भारांच्या यादीत त्याला जागा तेव्हाही नव्हती.

किमान वेतनाचा सिद्धांत मात्र याहून उदार होता. जुलै १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय कामगार परिषदेने ठरवले की एका कमावत्यामागे तीन उपभोग-एकके धरावीत, डॉ. ॲक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे २,७०० उष्मांक मोजावेत, चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड द्यावे, घरभाडे धरावे आणि जळण, दिवाबत्ती व इतर खर्चासाठी वीस टक्के ठेवावेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या रेप्टाकोस ब्रेट खटल्यात त्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सण-समारंभ, म्हातारपण आणि लग्न यांसाठी आणखी पंचवीस टक्क्यांची भर घातली. सण आणि लग्न यांना न्यायालयाने किमान गरज मानले, याची नोंद घेण्यासारखी आहे; गरिबाने लग्नात खर्च केला की त्याला उधळपट्टी म्हणणारे पुष्कळ असतात. हा सिद्धांत शेतमजुराच्या दरपत्रकापर्यंत क्वचितच उतरला. १९४८ च्या किमान वेतन कायद्यानुसार दर पाच वर्षांच्या आत फेरविचार अपेक्षित होता. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०१४ नंतर मूळ दर वाढले ते थेट एप्रिल २०२४ मध्ये, आणि तेही न्यायालयीन स्थगितीमुळे काही महिने अडकले.

निर्देशांकाचा प्रत्यक्ष परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो रोजगार हमीच्या दरात. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेची मजुरी २०११ पासून प्रत्येक राज्याच्या शेतमजूर निर्देशांकाशी जोडली गेली. त्या वेळी मध्य प्रदेशचा दर दिवसाला १२२ रुपये आणि महाराष्ट्राचा १२७ रुपये ठरला. फरक पाच रुपयांचा. २०२४-२५ साली मध्य प्रदेशचा दर २४३ रुपये होता आणि महाराष्ट्राचा २९७. फरक चोपन्न रुपयांचा झाला. सीमेच्या अलीकडे सावरगाव, पलीकडे नरखेड आणि वरुड. माती तीच, काम तेच, आणि तेलाचा डबा बहुतेक एकाच ठोक बाजारातून आलेला.

हे कसे घडले याचा उलगडा निर्देशांकाच्या भूगोलात आहे. राज्याचा निर्देशांक हा राज्यभरच्या नमुना गावांतील भावांची सरासरी असतो. सावरगावचे मजूर कुटुंब ज्या भावाने माल घेते तो नागपूर बाजाराचा, पण त्याच्या मजुरीत मिसळला जातो तो चंबळ, बुंदेलखंड आणि माळव्यातला भाव. यापेक्षाही विलक्षण बाब अशी की १९८६-८७ च्या मालिकेत फक्त वीस राज्ये होती. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले तरी त्याला या मालिकेत स्वतंत्र स्थान मिळाले नाही. परिणामी मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा रोजगार हमीचा दर २०११ मध्येही एकच होता आणि २०२४-२५ मध्येही एकच. चोवीस वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेल्या राज्याशी पांढुर्ण्याच्या मजुराची भाकर बांधलेली राहिली. शेजारच्या वरुडशी तिचा संबंध कागदावर कुठेच नव्हता.

औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकात याच्या उलट एक सुधारणा झाली होती. २००१ च्या पायावर्षाच्या मालिकेत भोपाळ, इंदूर, जबलपूर यांच्या जोडीला छिंदवाडा हे केंद्र आले. कोळशाच्या खाणी आणि कारखाने असलेल्या जिल्ह्याला ते मिळणे योग्यच होते. म्हणजे जिल्ह्यातील खाण कामगारासाठी जिल्ह्याच्याच बाजारातले भाव मोजण्याची व्यवस्था झाली, पण त्याच जिल्ह्यात वेचणीला आणि संत्र्याच्या तोडणीला जाणाऱ्या बाईच्या मजुरीसाठी तो आकडा वापरला गेला नाही. तिचे वर्ष वेगळ्या पद्धतीने चालते. पावसाळ्यात निंदण, दिवाळीच्या सुमारास आंबिया बहराची संत्री आणि कापसाची वेचणी, उन्हाळ्याच्या तोंडावर मृग बहर; मधले आणि नंतरचे महिने रिकामे. त्या रिकाम्या महिन्यांत काही कुटुंबे नागपूरला बांधकामावर जातात, काही वरुडकडे. पोळा नेमका भादव्याच्या तोंडाशी येतो, जेव्हा घरातले सरत आलेले असते आणि नवे पीक शेतात उभे असते. दुकानदाराच्या वहीत उधारी सर्वांत लांब असते ती याच दिवसांत.

जुलै २०२५ मध्ये शेतमजूर आणि ग्रामीण मजुरांच्या निर्देशांकाची २०१९ या पायावर्षाची नवी मालिका प्रसिद्ध झाली. राज्ये व केंद्रशासित प्रदेश मिळून त्यात चौतीस घटक आहेत, आणि छत्तीसगड आता वेगळे आहे. यादी बेचाळीस वर्षांनी नवी झाली. पांढुर्णा जिल्ह्याचे भाव मात्र पूर्वीप्रमाणेच भोपाळच्या सरासरीत जातात, आणि संत्र्याच्या हंगामात वरुडचा रस्ता धरणाऱ्या मजुराला दोन दरांतला फरक कोणत्याही तक्त्याशिवाय ठाऊक असतो.